तेरा लाख त्र्याहत्तर हजार सहाशे त्रेपन्न

पैलवानाचा हात प्रेसखाली गेला तेव्हा फिटर शेजारच्या मशीनचा पट्टा ताणून बघत होता. आवाज नेहमीचाच आला. डब्याचं झाकण पत्र्यातून कापून निघताना जो येतो तोच. मध्ये माणसाची बोटं होती म्हणून त्यात काही फरक पडला नाही, आणि हेच त्याला पुढे सलत राहिलं. मग पैलवान ओरडला. एवढा धिप्पाड माणूस, पण आवाज निघाला तो बारीक, लहान पोरीसारखा. फिटरनं धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला, चाक हातानं उलटं फिरवून ठोकळा वर उचलला आणि हात मोकळा केला. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही पहिल्या पेरापुढे नव्हती. ती झाकणाला चिकटून, चपटी होऊन खालच्या पेटीत पडली होती. कोणी फडकं आणलं, कोणी पाणी, कोणी नुसतंच ‘अरे अरे’ करत उभं राहिलं. अशा वेळी माणसानं माणसाकडे बघावं. पण फिटरची नजर वर गेली. प्रेसच्या कपाळावर ठोके मोजणारं मीटर होतं, सात घरांची एक खिडकी, काळ्या चकत्यांवर पांढरे आकडे, दर ठोक्याला एकानं पुढे सरकणारे. ते आता थांबलं होतं. १३७३६५३. त्यातला शेवटचा एक पैलवानाचा. फिटर तेलकट फरशीवर बसला. रक्त बघून चक्कर आली असं लोकांनी धरलं, आणि त्यानंही ते धरू दिलं.

या प्रेसला दोन बटणं होती, दोन हातांना एकेक. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ठोकळा खाली येत नाही, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. पण उजव्या बटणात लाकडाची पाचर ठोकलेली होती. पाचर ठोकली की एका हातानं काम भागतं, दुसरा पत्रा सरकवायला मोकळा राहतो आणि माल भराभर निघतो. ती पाचर सुपरवायझरनं सगळ्यांदेखत आपल्या हातानं ठोकली होती, वर ‘आता चालव घोडा’ असंही म्हणाला होता. तोच सुपरवायझर आता पैलवानासमोर उकिडवा बसला, फडकं बांधायच्या निमित्तानं त्याचं मनगट मुठीत धरलं आणि अगदी प्रेमळ आवाजात म्हणाला, ‘पाचर तूच घातली होतीस ना?’ पैलवान नुसता हुंदके देत होता. सुपरवायझरनं मूठ आवळली. ‘हलू नकोस, रक्त थांबवतोय मी. पाचर तूच घातलीस. बरोबर?’

‘हो,’ पैलवान म्हणाला.

‘ऐकलं ना सगळ्यांनी?’

सगळ्यांनी ऐकलं होतं. फिटरनंही. त्यानं तोंड उघडलं, पण त्या ‘हो’चा सूर इतका ओळखीचा होता की त्यानं ते पुन्हा मिटलं. माणूस जेव्हा उत्तर देत नसतो, फक्त हात सोडवून घेत असतो, तेव्हाचा तो सूर. मग पैलवानाला गाडीत घातलं, प्रेसला साखळी लावली, आणि चौकशी होईपर्यंत पाळी बंद म्हणून सगळ्यांना भर दुपारी घरी पाठवलं.

भर दुपारी घरी जायची फिटरला सवय नव्हती. रस्ता अनोळखी वाटत होता. दुकानांची अर्धी दारं ओढलेली, पदपथावर एक कुत्रं सावली बदलत झोपलेलं, आणि त्याच्या डोक्यात ती संख्या, तेरा लाख त्र्याहत्तर हजार सहाशे त्रेपन्न. ती तशी डोक्यात कायम होतीच, भिंतीत खिळा असतो तशी. आज कोणीतरी त्याला कोट अडकवला होता. ही संख्या वडिलांची. वडील शाळेत गणित शिकवायचे, लोक त्यांना मास्तर म्हणायचे, घरात ते अण्णा. आणि ‘वडिलांची’ म्हणजे कशी, तर एखाद्याचं शेत असावं तशी. त्यांच्या घराच्या दारावर नावाची पाटी नव्हती. त्या जागी काळ्या लाकडावर पांढऱ्या रंगानं हा आकडा होता. नवीन पोस्टमन पहिल्यांदा आला तेव्हा खालूनच ओरडून विचारता झाला होता, की मास्तर, गल्लीत एवढी घरं कधी झाली. आई पदर तोंडाला लावून हसली होती. अण्णा हसले नव्हते. त्यांनी त्या बिचाऱ्याला उन्हात उभं करून मूळ संख्या म्हणजे काय ते समजावून सांगितलं: जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कोणीही तोडू शकत नाही ती मूळ. ही तशी आहे. ही मी शोधली. जगात कोणाच्या बापाला ही तुटायची नाही.

ती मूळ आहे हे त्यांना कसं कळलं, तर एका आडवाटेनं. दोन घ्यायचे, त्यांना दोनांनीच गुणत जायचं, त्या संख्येपेक्षा एकानं कमी इतके दोन एकमेकांना गुणायचे आणि मग त्या प्रचंड गुणाकाराला संख्येनं भागायचं. अर्थात एवढं सगळं कोणी खरोखर गुणत बसत नाही, मधे मधे बाकी काढत जायचं, वर्ग करत उड्या मारत जायचं. संख्या मूळ असेल तर शेवटी बाकी एक उरते. अण्णांनी एक अख्खी सुट्टी यात घातली. एक उरला. त्यांनी खात्रीसाठी दोनांऐवजी तीन घेतले आणि पुन्हा सगळं केलं. पुन्हा एकच उरला. तेव्हा ते आईला म्हणाले, ‘आता बास. दोन साक्षीदार पुरेत.’ हा हिशेब चोख होता, त्यात एका आकड्याचीही चूक नव्हती. चूक त्याच्या आधीच होऊन बसली होती. संख्या मूळ असली की एक उरतो, हे खरं. पण एक उरला की संख्या मूळच असते, हे खरं नाही. काही लबाड संख्या मूळ नसूनही एक उरवतात. त्यांनी तिसऱ्यांदा पाच घेऊन पाहिलं असतं तर ही लबाडी तिथंच उघडी पडली असती. पण पाचापर्यंत ते गेलेच नाहीत. गडी थकला होता, खुश होता, त्यानं रंगाचा डबा आणला आणि पाटी रंगवली. एवढंच झालं असतं तर जगाचं काही बिघडत नव्हतं. एका माणसानं दारावर एक आकडा लावला, लावू दे.

पण त्यांना मुलगा होता. मुलाचा भागाकार कच्चा आहे असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी घरात नेम घातला. शाळेतून आल्यावर, ताटावर बसण्याआधी, पोरानं त्यांच्या संख्येला रोज एका मूळ संख्येनं भागायचं आणि बाकी सांगायची. पहिल्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी तीन, मग पाच, मग सात, असं चढत जायचं. पाटी मांडीवर, अण्णा समोर खुर्चीत, त्यांच्या मांडीवर फळा पुसायचा लाकडी डस्टर. दोनांनी बाकी एक. तिनांनी एक. पाचांनी तीन. सातांनी पुन्हा एक. अकरांनी सहा, तेरांनी आठ. बाकी बरोबर आली की ‘जा, जेव.’ चुकली की बोटं पुढे. डस्टरची आडवी कड पेरांवर, जिथं कातडीखाली लगेच हाड असतं तिथं. मारताना ते चिडलेले नसत, हे वाईट होतं. खिळा ठोकताना माणूस खिळ्यावर चिडत नाही तसंच ते. मारून झाल्यावर ‘पुन्हा कर’ म्हणत, आणि पोरगं सुजलेल्या बोटांत पेन्सिल धरून पुन्हा भागायला बसे. आत स्वयंपाकघरात आई भांडी उगाचच जोरात वाजवायची. त्याला तेव्हा राग यायचा, की ही भांडी आपटते आणि बाहेर येत नाही. फार पुढे, ती गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की तिला ऐकायचं नसायचं. ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून ती ताटं वाजवायची.

आणि तरी, कबूल करायला हवं, त्याला ती संख्या आवडू लागली. कोणाला सांगितलं तर वेडा म्हणतील. पण रोज एकाच दाराची कडी वाजवली की त्या दाराची ओळख होतेच. शंभराच्या वर मूळ संख्या झाल्या. दोन आकड्यांच्या संपल्या, तीन आकड्यांच्या चढत चढत सातशेच्या, आठशेच्या घरात गेल्या. दर वेळी बाकी उरत होती, कधी चिमूटभर, कधी भरघोस. दर वेळी ती संख्या धक्का खाऊन उभीच. मार खाताना त्याला वाटायचं, मी आणि ती दोघं सारखेच, आम्हाला कोणी तोडू शकत नाही. अण्णांचाच मुलगा तो. अभिमान त्यालाही होता.

मग आठशे एकोणतीसचा दिवस आला. त्या दिवशी त्याला भूक लागली होती, खेळून आला होता, गुडघा फुटला होता. तेराशे त्र्याहत्तरमध्ये एकदा, उरले पाचशे चव्वेचाळीस. सहा खाली घेतला, सहा वेळा. पाच खाली घेतला, पाच वेळा. शेवटचा तीन खाली घेतला, अठ्ठावनशे तीन, आणि आठशे एकोणतीस सत्ते अठ्ठावनशे तीन. पाटीवर खाली काहीच उरलं नाही. त्यानं रेघ ओढली आणि रेघेखाली शून्य काढलं. एवढं गोल शून्य त्यानं आयुष्यात काढलं नव्हतं. छातीत काहीतरी धडधडलं. भीती नव्हती ती, आनंद होता. इतके महिने बंद असलेलं दार एकदम उघडलं होतं आणि आत कोण आहे ते त्याला एकट्याला दिसलं होतं. ‘अण्णा, तुटली,’ तो म्हणाला. ‘बाकी शून्य.’

अण्णांनी पाटीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, ‘पुन्हा कर.’

त्यानं पुन्हा केलं. शून्य. डस्टर पडला. पुन्हा केलं, शून्य. या वेळी दोनदा पडला. उजवा हात पेन्सिल धरेनासा झाला तेव्हा त्यानं डाव्या हातानं केलं, वेडंवाकडं, पण शून्यच. अण्णा खुर्चीतून उठले होते. त्यांनी त्याचा हात उंबऱ्यावर उताणा नाही, पालथा ठेवला, वर आपला गुडघा दिला आणि डस्टर उभा धरून करंगळीवर मारला. आतून काहीतरी ओली काटकी मोडल्यासारखं वाजलं. ‘किती उरली?’ त्याला खरंच दुसरं काही सांगता येत नव्हतं, हट्ट नव्हता तो. पाटीवर शून्य होतं म्हणून तो शून्य म्हणत होता. त्यानं उंबऱ्यावर ओकारी केली. तेव्हा आई पहिल्यांदा बाहेर आली. तिनं अण्णांना अडवलं नाही. ती त्याच्याजवळ बसली, त्याचं तोंड पुसलं आणि कानात म्हणाली, ‘बाळा, एक उरला म्हण. काय जातंय तुझं. एक म्हण की.’

‘एक उरला,’ तो म्हणाला.

अण्णांनी डस्टर खाली ठेवला. आईनं पदराखाली लेकरू घ्यावं तसं त्यांनी त्याला उचललं, मांडीवर बसवलं आणि आपल्या हातानं घास भरवले. दुसऱ्या दिवशी हाडवैद्याकडे गेले तेव्हा ‘दारात सापडली’ असं सांगितलं. आणि पुढची मूळ संख्या आठशे एकोणचाळीस होती, पण ती कधी आलीच नाही. नेम मोडला. त्या दिवसानंतर ताटावर बसण्याआधी कोणी त्याला काही विचारलं नाही. पाटी मात्र दारावर तशीच राहिली.

इथंच त्याचं आयुष्य अडकलं होतं. करंगळी वाकडी राहिली, त्याचं काही नाही; कारखान्यात सगळ्यांना वाटतं प्रेसखाली सापडली, आणि तो ‘हो’ म्हणतो. शिक्षणावरून मन उडालं, फिटरकी शिकला, त्याचंही दुःख नाही. प्रश्न एकच होता. नेम का मोडला? अण्णांना कळलं होतं का? पाटीकडे बराच वेळ पाहिलं तेव्हाच त्यांना दिसलं होतं का, की पोरगं बरोबर आहे, आणि दिसल्यावर मारलं? की खरोखर ते आंधळे होते, आणि त्यांच्या लेखी तो भागाकार चुकणारा एक मूर्ख पोर होता, ज्याची अखेर सुधारणा झाली? आंधळ्यानं मारलं तर सोसता येतं. पण डोळसपणे मारलं असेल तर मग दुसरा काहीतरी हिशेब मांडावा लागतो. हे विचारायचं धाडस त्याला झालं नव्हतं. लग्न झालं, आई गेली, अण्णा निवृत्त झाले, आणि दर वेळी त्या घरी गेल्यावर दारावरच्या आकड्याकडे न बघता आत जायची त्याला कला साधली होती.

संख्येशी मात्र त्याचं लपूनछपून चालू होतं. आठशे एकोणतीसनं तोडली की येतात सोळाशे सत्तावन्न, आणि ते दोन्ही मूळ. त्यापलीकडे तिला कोणी तोडणारं नाही. एकदा कारखान्याच्या आवारात लोखंडी गजांची थप्पी रचलेली होती, माथ्यावर एक, खाली दोन, खाली तीन, अशी बारा ओळींची. किती गज म्हणून कोणी विचारलं आणि तो बोलून गेला, अठ्ठ्याहत्तर. बारा गुणिले तेरा, भागिले दोन. बोलता बोलता त्याच्या अंगावर काटा आला, कारण सोळाशे सत्तावन्न गुणिले सोळाशे अठ्ठावन्न, भागिले दोन म्हणजे आठशे एकोणतीस गुणिले सोळाशे सत्तावन्नच. म्हणजे अण्णांची संख्या ही एक थप्पी होती. माथ्यावर एक गज, तळाला सोळाशे सत्तावन्न, आणि एकापासून सोळाशे सत्तावन्नपर्यंत सगळे आकडे रांगेत उभे केले की बरोबर मधोमध आठशे एकोणतीस. त्याच्या अलीकडे जेवढे, पलीकडेही तेवढेच. इतकी सुंदर गोष्ट अण्णांना कधी दिसली नाही, याचं त्या दिवशी त्याला हसू आलं आणि नंतर इतका संताप आला की त्यानं हातातला पाना भिंतीवर फेकला. त्यांच्याजवळ एक देखणी वस्तू होती, आणि ती तशी दिसते असं सांगणाऱ्या पोराचं त्यांनी बोट मोडलं. वर्षभरापूर्वी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि त्यांना इकडे आणावं लागलं. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं तुकड्यातुकड्यांनी येतं. जुनं घर दुसऱ्यांना दिलं तेव्हा पाटीचं काय झालं कोण जाणे.

तो घरी पोचला तेव्हा बायको कामावर निघायच्या गडबडीत होती. ती एका लॉन्ड्रीत इस्त्रीवर होती, दुपारची पाळी. त्याला दारात बघून ती थबकली. शर्टावर रक्त होतं.

‘तुमचं?’

‘पैलवानाचं. बोटं गेली त्याची.’

ती एकदम खालच्या आवाजात ‘आई गं’ म्हणाली आणि त्याच्या हातातून डबा काढून घेतला. ‘बसा जरा. मी थांबू का?’

‘नको. जा तू.’

‘अण्णांचं खायचं राहिलंय. पाव दुधात भिजवून ठेवलाय.’ ती चपला घालता घालता त्याच्या तोंडाकडे बघत होती. ‘हे बघा, आज डोकं ठिकाणावर नसेल तर राहू दे, मी आल्यावर भरवीन. तुम्ही दोघं एका खोलीत असलात की मला बाहेरून कडी घालून पळून जावंसं वाटतं. ना तुम्ही बोलता ना ते, आणि भिंती मात्र घामेजतात.’

‘भरवतो मी,’ तो म्हणाला.

ती गेली. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खाली जात जात संपला. त्यानं हात धुतले, वाटी घेतली आणि आतल्या खोलीत गेला. अण्णा खिडकीशी खुर्चीत टेकून बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवल्या जागी पडलेला, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. दाढीचे पांढरे खुंट वाढले होते. त्याच्या शर्टावरचं रक्त त्यांनी पाहिलं आणि भुवई उचलली. तो समोर स्टूल ओढून बसला, पहिला चमचा भरवला, ओघळ पुसला. दुसरा भरला आणि तो ओठांपाशी नेता नेता हवेत थांबवला. हे त्यानं ठरवलं नव्हतं. हात आपोआप थांबला, मीटर थांबलं होतं तसा.

‘अण्णा, आठशे एकोणतीस गुणिले सोळाशे सत्तावन्न. किती होतात?’

अण्णांचे डोळे चमच्यावर होते. ते हळूहळू वर आले. त्यांत काहीतरी हललं, एवढं नक्की. त्यांनी ओठ मिटले.

‘तेरा लाख त्र्याहत्तर हजार सहाशे त्रेपन्न होतात. तुमच्या दारावर काय होतं? तुटते ती. सांगा, तुटते की मूळ आहे?’

बराच वेळ घरघर झाली. मग अण्णांनी जीभ गोळा केली आणि म्हणाले, ‘मू... ळ.’

त्या एका शब्दात सगळा जुना मास्तर होता. तोंड वाकडं, लाळ गळतेय, पण हनुवटी वर. त्याला क्षणभर कौतुक वाटलं, खरंच वाटलं, आणि त्यापाठोपाठ वाटी भिंतीवर जाऊन आदळली. दुधाचे ओघळ खाली यायला लागले. त्यानं त्यांचा डावा हात धरला, चांगला होता तो. म्हातारा हात, हलका, वर निळ्या शिरा. सुपरवायझरनं धरलं होतं तसं मनगट एका मुठीत घेतलं आणि दुसऱ्या हातानं करंगळी मागे वाकवायला सुरुवात केली. आपण काय करतोय हे त्याला स्वच्छ दिसत होतं. खोली, खिडकीतलं ऊन, खुर्चीच्या हातावरचा सोललेला रंग, सगळं नेहमीपेक्षा स्वच्छ. आणि राग नव्हता. रागाच्या जागी एक थंड, कामाचा भाव होता. नट जाम झाला की पाना किती पुढे रेटायचा याचा हाताला जो अंदाज असतो, तो. अण्णांना असंच वाटत असेल, असं मनात येऊन गेलं, आणि त्यानंही त्याचा हात थांबला नाही. ‘तुटते की मूळ?’ बोट आणखी मागे गेलं. अण्णांच्या घशातून आवाज आला. त्यांचा मेलेला उजवा पाय जमिनीवर नुसताच घासला गेला. ‘तुटते की मूळ?’

‘तु... तुटते.’

त्यानं श्वास सोडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या पाटीवर बरोबरची खूण केली होती. डोळ्यांत पाणी आलं. त्यानं बोट सोडलं नाही, पण जरा सैल धरलं. ‘तुम्हाला तेव्हाच कळलं होतं? मी शून्य म्हणालो तेव्हाच?’

‘हो.’

‘माहीत होतं. मी बरोबर होतो हे तुम्हाला माहीत होतं.’

‘हो.’

म्हणजे डोळसपणे. म्हणजे बघून, समजून. त्याला वाटलं होतं हे कळल्यावर आपण त्यांचा गळा दाबू, नाहीतर पाया पडू, दोन्हीपैकी काहीतरी होईल. पण आत एक विचित्र मोकळेपणा पसरला, ओझं उतरवून खांदा नुसताच ठणकतो तसा. तो त्यांच्याजवळ झुकला. अगदी हळू, जवळजवळ लाडानं त्यानं विचारलं, ‘मग का मारलंत, अण्णा?’

अण्णांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते त्याच्याकडे बघत नव्हते. ते आपल्या करंगळीकडे बघत होते, त्याच्या मुठीत असलेल्या. ‘हो,’ ते म्हणाले.

खाली रस्त्यावर कोणीतरी मोटार सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती. भिंतीवरचा भिजलेला पाव सरकत सरकत जमिनीवर पडला. फिटरला आता तो सूर नीट ऐकू येत होता. मघाशी पैलवानाच्या तोंडून आलेला, आणि त्याआधी फार वर्षांपूर्वी उंबऱ्यावर, त्याच्या स्वतःच्या. नसेल तसं, तो मनाशी म्हणाला. ते खरं बोलले आहेत. नसेल तसं. एकदा खात्री करून घ्यावी. ज्याला शंका नाही असं काहीतरी विचारावं, कोणताही मास्तर झोपेतून उठवला तरी बरोबर सांगेल असं.

‘सतरा,’ तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला. ‘सतरा मूळ आहे की तुटते?’

अण्णांचे ओठ आपोआप मिटले, ‘मू’ म्हणायला मिटतात तसे. मग त्यांची नजर बोटाकडे गेली आणि ओठ सुटले.

‘तुट... ते.’

‘सतरा, अण्णा.’ त्यानं त्यांचा हात सोडला. दोन्ही हात वर करून, रिकामे, त्यांना दाखवले. ‘बघा, मी काही करत नाहीये. सतरा हो. कितीनं तुटते सतरा?’

अण्णांनी सोडलेला हात ओढून घेतला नाही. तो त्यांनी तसाच पुढे धरून ठेवला, पालथा, बोटं पसरून.

‘तू म्हणशील,’ ते म्हणाले, ‘त्यानं.’